कपच काढा, पण आधी नीट बघा

चित्र काढायला बसलं की पहिला प्रश्न, काढू काय? मग आपण फोनवर डोंगर आणि सूर्यास्त शोधत बसतो. अहो समोर कप पडलाय ना, तोच घ्या. शक्यतो टवका उडालेला घ्या, कोऱ्या करकरीत कपावर नजर कुठे थांबतच नाही.

कप खिडकीजवळ ठेवा आणि वरचा लाइट बंद करा, नाहीतर दोन-दोन सावल्या पडतात. पेन्सिल लगेच उचलू नका, दोन मिनिटं नुसतं बघा.

कपाचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं आणि तिथंच घात होतो, कारण बसल्या जागेवरून ते लंबगोल दिसतं आणि त्याची टोकं आपण टोकदार करून टाकतो, माझी तर कित्येक दिवस होडीच व्हायची. टोकं वळलेलीच असतात. बूडही सरळ रेघेनं काढू नका, ते नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं म्हणून त्याचा बाक तोंडापेक्षा जरा जास्तच गोल येतो.

कान जमत नाही? मग कान काढूच नका, कान आणि कप यांच्या मधली पोकळी काढा, कान आपोआप उभा राहतो. खुर्चीच्या पायांनाही हीच युक्ती.

शेडिंग करताना सगळं बोटानं घासून करडं करू नका, प्लीज. कप टेबलाला टेकतो तिथं सावली सगळ्यात गडद, पुढे फिकी आणि कडा मऊ होत जाते. आखणी एचबी पेन्सिलीनं, गडद भागाला फोर बी म्हणजे जरा मऊ, काळी पेन्सिल, बास.

आता टवका. तिथं चकाकी नसते, आतली माती खरखरीत दिसते आणि कडेला केसाएवढी काळी रेघ असते. मला अख्ख्या चित्रात हाच कोपरा सगळ्यात आवडतो.

इटलीतले चित्रकार जॉर्जो मोरांडी (1890-1964) यांनी त्याच त्या बाटल्या न् बरण्या जागा बदलून बदलून वर्षानुवर्षं रंगवल्या. तुम्हीही उद्या तोच कप चार बोटं सरकवून परत काढा, कालचं चित्र न बघता. चाव्यांचा जुडगा मात्र एवढ्यात घेऊ नका, फार छळतो तो.