आठ जण, समुद्र आणि गोल्फची बॅग: बेत कसा आखायचा

आमच्या गावात गोल्फ म्हटलं की लोक अजून हसतात. मी बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली काही कामठीच्या छावणीत. तिथल्या मैदानावर साहेब लोकांचे हरवलेले बॉल शोधता शोधता खेळायला शिकलो. निवृत्त होऊन मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत आलो, पडीक तुकड्यात बॉल घालायचे होल म्हणून तीन डबे गाडले आणि गावातल्यांना नादी लावलं. आता आम्ही आठ जण आहोत: तीन माजी सैनिक, तीन शेतकरी, एक मास्तर, एक किराणावाला. दोनदा गोव्याला खेळून आलो. पहिल्या खेपेला भांडत परतलो, दुसऱ्या खेपेला हसत. मधल्या वर्षात काय बदललं, तेच सांगतो.

तारीख शेत बघून काढा. ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. डिसेंबरच्या शेवटी गोव्यात खोल्यांचे भाव चढलेले, आणि जून ते सप्टेंबर तिथं नुसता पाऊस. आम्ही पहिल्यांदा नोव्हेंबर धरला. निघायच्या आदल्या रात्री एकाचा फोन आला, "भाऊ, आलो असतो, पण वेचाले बाया आजच भेटल्या ना." बरोबरच होतं त्याचं. आता आम्ही जानेवारीची अखेर धरतो. तूर निघालेली असते, हरभरा घाट्यावर असतो, आणि बागेचा ताण तोडून पहिलं पाणी दिलेलं असतं. पाच-सहा दिवस घरचं पोरगं सांभाळतं.

पैशाचं आधी बोला, आणि तोंडी नको. बचत गटाची असते तशी वही घाला. किराणावाला असेल तर त्याच्याच हाती द्या, त्याला उधारी मागायची लाज नसते. आम्ही दर महिन्याला हजार रुपये टाकतो. वहीत दोन रकाने. एकात सगळ्यांचं: तिकीट, खोली, जीप, मैदानाची फी. दुसऱ्यात ज्याचं त्याचं: बाटली, माशाचं ताट, भाड्याचे क्लब (बॉल मारायच्या काठ्या), हरवलेले बॉल. पहिल्या खेपेचं निम्मं भांडण याच दुसऱ्या रकान्याचं होतं. न पिणाऱ्या मास्तरांच्या माथी बिअरचा हिस्सा आला, आणि दक्षिण गोव्यातल्या काणकोणपासून बडनेऱ्यापर्यंत मास्तर ते विसरले नाहीत.

आमची जागा काणकोण. राजबाग किनाऱ्याला लागून द ललित रिसॉर्टचं नऊ होलचं मैदान आहे. अठरा खेळायचे तर दुसऱ्या फेरीला त्याच होलवर वेगळ्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मारायचं. रिसॉर्टातच राहिलं पाहिजे असं काही नाही, पाळोळ्याच्या बाजूला साध्या खोल्या मिळतात. पण बाहेरच्यांना कोणत्या दिवशी, किती वाजता खेळू देतात, ते फोन करून पक्कं करा आणि लेखी मागवा.

नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी चालू असली तर बडनेऱ्याला थांबते, पण ती रोजची नाही. त्यामुळं आधी गाडीचा वार, मग मैदानाचा वार. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, तेव्हा आठ जणांची चार-चार अशी दोन तिकिटं काढा. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, तो हिशेब मनातून काढून टाका. थ्री एसीत माणशी 40 किलो सामान फुकट जातं. वजनाची अडचण नाही, लांबीची आहे. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, एकटाच 45 इंचांचा असतो. बॅग खालच्या बर्थखाली आडवी सरकवा आणि क्लबच्या डोक्यांना जुना टॉवेल गुंडाळा. रोडगे, जवसाची चटणी, ठेचा बरोबर असू द्या. चोवीस तासांच्या वर प्रवास आहे.

आता खेळाचं. इथं फसगत फार होते. पहिल्या वर्षी मी सकाळी आठची एकच वेळ घेतली आणि सगळेच जाऊन उभे राहिलो. मैदान एका वेळी चौघांनाच सोडतं. उरलेले पाऊण तास बाकावर. दोन वेळा मागा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर, आणि जितकं लवकर मिळेल तितकं बरं, कारण दुपारकडं समुद्रावरून वारा सुटतो. चौघांना अठरा होलला चार-साडेचार तास धरा. नवखे चौघे एकत्र कधी टाकू नका. दोन जाणते, दोन नवे.

गुण स्टेबलफोर्डनं मोजा. पारला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांना) दोन, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. नवख्याला 54 चा हँडिकॅप द्या, म्हणजे प्रत्येक होलला तीन फटके सूट. गुण मिळायची आशा संपली की बॉल उचलायचा, शून्य लिहायचं, पुढं चालायचं. याच्यानं आमचा एक शेतकरी फौजींना हरवून गेला आणि वर्षभर पानटपरीवर तेच सांगत बसला. शेवटच्या दिवशी स्क्रॅम्बल: चौघंही मारतात, सगळ्यात चांगला पडलेला बॉल धरून तिथून पुन्हा चौघं.

सराव घरीच करा. बंकरचा (मैदानातल्या वाळूच्या खड्ड्याचा) सराव आम्ही घरकुलासाठी पडलेल्या रेतीच्या ढिगावर केला. बॉलच्या दोन बोटं मागं रेतीत मारायचं, बॉल आपसूक उडतो. काळ्या मातीत हे शिकता येत नाही, तिथं क्लबच रुतून बसतो. वाऱ्यासमोर जोर काढू नका. एक नंबर खालचा, म्हणजे लांब मारणारा क्लब घ्या, हलक्या हातानं मारा. बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून माणशी दोन डझन जुने बॉल न्या, त्याचं वजन किलोच्या आसपास भरतं. कॉलरचा टी-शर्ट हवाच. आमचा एक गडी गोल गळ्याचा घालून आला, त्याला दारातूनच परत पाठवलं.

रोज गोल्फ ठेवू नका. तीन दिवस खेळ, मध्ये एक मोकळा. दुसऱ्या वर्षी बायका बरोबर होत्या. मोकळ्या दिवशी मंगेशी आणि शांतादुर्गा केलं, म्हणून पुढच्या वर्षाची परवानगी तिथंच मिळाली. विहिरीत सूर मारणाऱ्यांना समुद्राचं भान नसतं. लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय टाकायचा नाही, हे जीपमधेच सांगून ठेवा.

गावी आल्याबरोबर क्लब गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडे करा, नाहीतर खाऱ्या हवेनं लोखंड गंज धरतं. आणि वही त्याच शनिवारी उघडा, मास्तरांसमोर.