दरोड्यात माणूस गेला, तर कागद कसा वाचायचा

कोल्हापुरात फौजदारी वकिली करून तीस वर्षं झाली. आई-बाप ऑफिसात आले की पहिलं वाक्य ठरलेलं: "वकीलसाहेब, पोरगं नुसतं गाडी चालू ठेवून बाहेर थांबलं होतं वो." ज्युनियर लगेच मान डोलावतात. आधी डोकी मोजा.

आत गेलेले आणि बाहेर मदतीला हजर असलेले, दोन्ही मोजायचे. जबरी चोरीत पाच भरले की दरोडा. दरोडा घालताना एकानं खून केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 310(3) पाचही जणांना लागतं : फाशी, जन्मठेप किंवा किमान 10 वर्षं सक्तमजुरी. वार कुणाचा, हा मुद्दा शिक्षेच्या वेळी मांडा. दोष ठरताना तो फारसा वाचवत नाही. गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 396 काढा. तारीख न बघता युक्तिवाद लिहिणारे कमी नाहीत.

मग फटी शोधा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत गंभीर गुन्हा करताना मृत्यू झाला, तर मारायचा इरादा नसला तरी खून धरतात. आपल्याकडे 310(3) ला मुळात खूनच सिद्ध व्हावा लागतो. म्हातारा घाबरून हार्ट अटॅकनं गेला, तर शवविच्छेदन अहवाल ओळ न ओळ वाचा. दोघं निर्दोष सुटले, तर पुन्हा मोजा. अनोळखी साथीदारांचा पुरावा नसेल तर दरोडाच उरत नाही.

चौघंच असतील तर हुरळू नका. रात्रीच्या घरफोडीत एकानं जाणूनबुजून जीव घेतला, तर 331(8) सगळ्यांना पकडतं, तिथं आकड्याची अट नाही. शिवाय कलम 3(5), सामाईक इरादा : बेत सगळ्यांचा एक असेल, तर एकाचं कृत्य सगळ्यांच्या माथी. 1923 साली कलकत्त्यात पोस्टमास्तरला गोळी लागली, तेव्हा अंगणात उभं असल्याचं सांगणाऱ्यालाही प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, सोडलं नाही.

म्हणून पोराला आईसमोर काही विचारू नका, खरं सांगणार नाही. कळंबा जेलमध्ये एकट्याला भेटा. निघताना हत्यार दिसलं होतं का? कुणाच्या पिशवीत? आतून आरडाओरडा ऐकल्यावर तू थांबलास की पळालास?