सुपरबाइकची स्पेक शीट वाचताना आधी आरपीएम बघा, पीएस नंतर

कावासाकीची झेडएक्स-१०आर घ्यावी का सुझुकीची हायाबुसा (लाडाने बुसा), असं कुणी विचारलं की लोक लगेच पीएसचे, म्हणजे इंजिनच्या पॉवरचे, आकडे फेकायला लागतात, २०३ विरुद्ध १९०, म्हणजे कावासाकी भारी, विषय संपला. असं नसतं राव. दोन्हींची स्पेक शीट, म्हणजे कंपनीने दिलेला आकड्यांचा तक्ता, शेजारी शेजारी उघडा (मी २०२१ ची मॉडेल्स धरतोय) आणि पीएसच्या पुढे बारीक अक्षरात जो आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) लिहिलेला असतो ना, तो आधी वाचा.

कावासाकी २०३ पीएस देते १३,२०० आरपीएमला, टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, ११४.९ एनएम (न्यूटन-मीटर) तो पण ११,४०० ला. बुसाचे १९० पीएस ९,७०० ला येतात आणि १५० एनएम तर ७,००० लाच. आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढा, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२३ केलं की त्या आरपीएमचे पीएस मिळतात. बुसा ७,००० ला जवळपास १५० पीएस देतेय. कावासाकीचा ७,००० चा टॉर्क शीटवर नसतो, पण तिचा जास्तीत जास्त ११४.९ धरला तरी उत्तर ११५ च्या आतच येतं, खरा आकडा त्याहून कमीच असणार. म्हणजे मधल्या आरपीएमला "कमी पॉवरवाली" गाडी निदान ३५ पीएसनी पुढे!

हे का होतं त्याचं उत्तर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि स्ट्रोकच्या (पिस्टन वर-खाली किती जातो त्या अंतराच्या) ओळीत आहे, जी सगळे सोडून देतात. कावासाकीचं ७६ बाय ५५ मिमी, बुसाचं ८१ बाय ६५. स्ट्रोक छोटा म्हणजे पिस्टनला एका फेरीत कमी पळावं लागतं, म्हणून इंजिन वरपर्यंत फिरवता येतं आणि पॉवर तिथे वर सापडते. बुसा १३४० सीसीची, तिला एवढं किंचाळायची गरजच नाही.

आता गिअर रेशो. ही ओळ कंटाळवाणी दिसते पण मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते. प्रायमरी (इंजिन ते गिअरबॉक्स), पहिला गिअर आणि फायनल (गिअरबॉक्स ते मागचं चाक) हे तिन्ही रेशो एकमेकांशी गुणा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या ते मिळतं, आरपीएमला त्याने भागा म्हणजे चाकाच्या मिनिटाला किती फेऱ्या ते कळतं, मग चाकाच्या घेराने गुणा. घेर टायरवरूनच निघतो, १९०/५५ झेडआर१७ म्हणजे रुंदी १९० मिमी, उंची तिच्या ५५ टक्के, रिम १७ इंची, घेर साधारण दोन मीटर. कावासाकीचे रेशो १.६८१, २.६०० आणि २.४१२ टाकून बघा, १३,२०० ला पहिल्याच गिअरमध्ये ताशी १५० किमीच्या आसपास येतं. पहिल्या गिअरमध्ये! मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तर टू-व्हीलरला बंदीच आहे, म्हणजे ते २०३ पीएस तुम्ही ट्रॅक सोडून कुठे वापरणार ते तुम्हीच ठरवा. ट्रॅकवर नेणार असाल तर मात्र डोळे झाकून कावासाकी, ही गाडी वर्ल्ड सुपरबाइक ही रेसिंग चॅम्पियनशिप जिंकण्यासाठीच बनवलीय, रेसर जोनाथन रेने २०१५ ते २०२० सलग सहा टायटलं कावासाकीवरच घेतली.

आकड्यांच्या दोन चलाख्या पण सांगतो. रॅम एअरचा आकडा वेगळा असतो, कावासाकीचा २१३ पीएस, तो गाडी जोरात पळताना समोरची हवा इंजिनात दाबून घुसते तेव्हाचा, त्यामुळे तुलना नेहमी साध्या आकड्याशीच करा. आणि बीएचपी (पॉवरचंच दुसरं एकक) नि पीएस एक नाही, १ बीएचपी म्हणजे १.०१४ पीएस, छोट्या गाडीला फरक कळत नाही पण २०० बीएचपीला जवळपास तीन पीएस वाढून दिसतात.

वजनात कर्ब वेट (पेट्रोल, ऑइल भरलेल्या गाडीचं वजन) लिहिलंय का ते बघा, ड्राय वेट असेल तर त्यात पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीच धरलेलं नसतं. एकट्या पेट्रोलचं लिटरला पाऊण किलोच्या आसपास होतं, १७ लिटरच्या टाकीला साडेबारा किलो गेले. कावासाकी २०७ किलो कर्ब, बुसा आपल्याकडच्या शीटवर २६६, व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, जास्त असलं की गाडी सरळ स्थिर जाते) १४५० आणि १४८० मिमी. हायवेवर बुसा रेल्वेसारखी सरळ जाते, पण सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ढकलताना ते जास्तीचे ५९ किलो चांगलेच जाणवतात.

सीटची उंची कावासाकीची ८३५ आणि बुसाची ८०० मिमी, पण इथे आकड्यावर जाऊ नका, सीट रुंद असली की पाय बाहेर फाकतात आणि कमी उंची पण जास्त वाटते. शोरूममध्ये रायडिंग बूट घालून जा, गाडी स्टँडवरून उतरवून बसा, दोन्ही टाचा टेकतात का बघा.