एफ.वाय.च्या वर्गात आधी प्रश्न, मग फळा

चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती?

सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) नव्याने शिकवायला लागला असाल, तर एफ.वाय.बी.एस्सी.च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, वर्गात पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न टाकून बघा. बारावीला न्यूटनचे नियम घोकून आलेली, गतीची समीकरणं तोंडपाठ असलेली मुलंही बिनदिक्कत 'शून्य' म्हणतात. वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य. त्याच मुलांना 'चेंडू किती उंच जाईल' असं गणित घाला, पटापट सोडवतील. आणि सोडवताना वरच्या टोकापर्यंत गुरुत्वाचं त्वरण ९.८ हेच धरतील. आपण काय धरलं आणि आत्ता काय म्हणालो, याचा मेळ त्यांना कुणी घालायला लावलेला नसतो.

हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक माझुर यांना हाच अनुभव आला. गणितं सोडवणारी मुलं बलाबद्दलच्या साध्या प्रश्नांवर अडखळली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? त्यातून १९९१ पासून त्यांनी जी पद्धत सुरू केली, ती आपल्या ऐंशी-शंभरांच्या वर्गात, एका पैचाही खर्च न करता चालते.

दहा-बारा मिनिटं एक मुद्दा शिकवायचा. मग चार पर्यायांचा प्रश्न फळ्यावर. मिनिटभर कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवायचं. मग हात वर करायला मात्र सांगू नका. हात वर करा म्हटलं की सगळ्या माना पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे वळतात आणि तिचं उत्तर अख्ख्या वर्गाचं होतं. त्याऐवजी छातीशी धरून बोटं दाखवायची: पहिला पर्याय असेल तर एक बोट, दुसरा असेल तर दोन. तुम्हाला समोरून सगळं दिसतं, शेजाऱ्याला दिसत नाही. साधारण एक तृतीयांशाहून कमी मुलं बरोबर असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा. जवळजवळ सगळीच बरोबर असतील तर पुढे चला. मधली स्थिती असेल तर 'वेगळं उत्तर देणारा शेजारी गाठा आणि त्याला पटवा' म्हणून सोडून द्या. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बोटं.

या दोन-तीन मिनिटांत वर्गाचा बाजार होतो. होऊ द्या. फक्त मुलं कोणत्या भाषेत भांडतात त्यात पडू नका. पुस्तक इंग्रजीत, व्याख्यान अर्धं इंग्रजीत, पण 'अरे, वर थांबला ना तो, मग परत खाली कोण ओढतंय त्याला?' हे मराठीतच निघतं, आणि चेंडूचा घोळ सुटतो तो बहुधा याच वाक्यावर. रसायनशास्त्रवाल्यांसाठीही एक प्रश्न देते: उकळत्या पाण्यातल्या मोठमोठ्या बुडबुड्यांत काय असतं? 'हवा' आणि 'हायड्रोजन-ऑक्सिजन' ही दोन उत्तरं हमखास येतात. वाफ म्हणणारे शोधावे लागतात.

प्रात्यक्षिकांचं दुखणं वेगळं. लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर ९.८ यायला हवं हे मुलांना आधीच ठाऊक असतं, शिवाय सीनियरचं जर्नल हाताशी असतं. रीडिंग मग उलटीकडून 'आणली' जातात. त्यांना ओरडण्यात अर्थ नाही, प्रश्नच तसा आहे. तो बदला. मीटरभर लांबीचा लंबक ५ अंशांतून सोडा, मग ४० अंशांतून. दोलनकाल तोच राहतो का? बहुतेकांचं भाकीत 'तोच', कारण पुस्तकात तसंच आहे. वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात आणि मोठ्या कोनाला त्यात सेकंदभराची भर पडते. हा फरक साध्या स्टॉपवॉचवर दिसतो. आता हा सेकंद खरा, की बटण दाबायला उशीर झाला? इथे पहिल्यांदा मुलं आपणहून रीडिंग पुन्हा घेतात. मापनातली त्रुटी का काढायची हे मी सांगण्यापेक्षा हा सेकंद जास्त चांगलं सांगतो.

मोबाइल जप्त करण्यात शक्ती घालवू नका. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनमधले सेन्सर उघडून देतं. टेबलावर स्वस्थ पडलेला फोन ९.८ दाखवतो आणि गादीवर सोडलेला फोन पडताना जवळजवळ शून्य, यावर अख्खा तास निघतो. (गादी जाड असू द्या, आणि पहिला फोन स्वतःचा.)

आता पोर्शन. विभागप्रमुख विचारणारच, आणि त्यांचं चुकत नाही. माझा उपाय असा, की सिद्धता ओळीन् ओळ फळ्यावर लिहीत बसत नाही. ती पुस्तकात आहे. घरी वाचून या म्हणते आणि वर्गात फक्त जिथे गाडी अडते ती पायरी घेते. तरी कुणी 'हे खेळ कशाला' म्हटलंच, तर २०१४ सालचा एक मोठा आढावा सांगा: विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास, आणि निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्यांत नापास होण्याची शक्यता दीडपट.

विभागप्रमुखांपेक्षा अवघड असतात ती मुलं. 'मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात' ही तक्रार फीडबॅकच्या फॉर्मवर येणार हे धरूनच चाला. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे मोजलं गेलं: स्वतः डोकं चालवावं लागलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण त्यांना वाटलं मात्र की आपण कमी शिकलो. छान रंगलेलं व्याख्यान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, ते हेच. सीएचबीवाल्याची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, त्याला असा फीडबॅक परवडत नाही. म्हणून हा निष्कर्ष मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, आणि पहिल्या चाचणीनंतर पुन्हा एकदा.

आणि अंतर्गत परीक्षेत चेंडूसारखा एक तरी प्रश्न घाला, कारणासहित उत्तराला दोन गुण. 'हे परीक्षेला येतं का' या प्रश्नाला 'हो' म्हणता आलं नाही, तर महिन्याभरात बोटं दाखवणारे निम्मे उरतात.