ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला निघालात? आधी या चुका वाचा

पहिल्या वर्षी आम्ही ब्रिमफिल्डला रविवारी दुपारी पोहोचलो. सुट्टीचा दिवस, निवांत जेवून निघालो, म्हटलं जत्रा आहे, चालूच असेल. बघतो तर अर्धी मैदानं रिकामी, उरलेले विक्रेते तंबूचे दांडे उपटतायत, आणि आमच्या वाट्याला फुटक्या कपबशा आणि गंजलेल्या पाट्या. बोस्टनहून तासाभराहून जास्त गाडी हाकून हे बघायला आलो होतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे गाव चार हजारसुद्धा वस्तीचं नाही. वर्षातून तीन वेळा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, मंगळवार ते रविवार असे सहा दिवस रूट 20 च्या दोन्ही बाजूंची शेतं तंबूंनी भरून जातात. 1959 साली गॉर्डन रीड यांनी स्वतःच्या जागेत हे सुरू केलं. आज इथे वीसेक मैदानं आहेत, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. आपण ‘बाजार’ म्हणतो, पण हे शेजारी शेजारी भरलेले वीस बाजार आहेत.

वार न बघता जाणं

प्रत्येक मैदान आपापल्या वेळेला उघडतं. काही मंगळवारी उजाडताच सुरू होतात. ‘हार्ट-ओ-द-मार्ट’ गेली कित्येक वर्षं बुधवारी सकाळी नऊला उघडतं, ‘मेज़’ गुरुवारी नऊला. मैदान उघडायच्या आधी दारात रांग लागते आणि वेळ झाली की लोक अक्षरशः धावत सुटतात. काही मैदानांना प्रवेशशुल्क असतं, बरीच फुकट असतात. त्यामुळे ‘मंगळवारी सगळं बघून टाकू’ हा बेत फसतोच. निघण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा आणि दोन-तीन मैदानंच ठरवा.

एकच दिवस मिळणार असेल तर माझं मत बुधवार किंवा गुरुवार. शनिवार-रविवारी भाव उतरतात हे खरं, माल परत गाडीत चढवायचा कंटाळा विक्रेत्यालाही असतोच. पण तोवर बरेच जण निघून गेलेले असतात. स्वस्तात काहीबाही हवं असेल तर रविवार चालेल. ठरावीक वस्तू शोधत असाल तर नाही.

तुळशीबागेतला भाव

आपल्याकडे सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावरून सुरुवात करायची, तोंड वाकडं करायचं, दोन पावलं पुढे जायचं आणि मागून हाक यायची वाट बघायची. इथे मागून हाक येत नाही. निम्मा भाव ऐकला की विक्रेता वर्तमानपत्र उघडून बसतो. घासाघीस चालते, पण तिची रीत निराळी. वस्तू हातात घेऊन दोन मिनिटं तिच्याबद्दल विचारा, मग शांतपणे ‘शेवटचा भाव काय द्याल?’ म्हणा. दहा ते वीस टक्के सहज कमी होतात. एकाच तंबूतून तीन वस्तू घेतल्या तर आणखी. मात्र वस्तूला नावं ठेवू नका. ‘हा टवका उडालाय’ हे सांगून भाव पडतो हा आपला समज. ज्याने ते भांडं चार राज्यं ओलांडून आणलंय त्याला त्याचा राग येतो, आणि राग आलेला माणूस भाव कमी करत नाही.

खिशात रोख हवी, तीही सुट्टी. वीसच्या नोटा उत्तम. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि कार्डाचं यंत्र नुसतं गोल गोल फिरत राहतं. पार्किंगवालेही बहुधा रोखच मागतात.

चकाकतं ते चांदी समजणं

ही चूक मी केली आहे. नक्षीचा सुंदर ट्रे, मागे चार ठसे, ‘चांदीच आहे’ म्हणून घेतला. घरी भिंगातून बघितलं तर अक्षरं निघाली ई.पी.एन.एस. म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. खरी चांदी असेल तर बहुधा ‘स्टर्लिंग’ किंवा 925 लिहिलेलं असतं. विक्रेत्याने ‘चांदी’ हा शब्द उच्चारलाच नव्हता, मीच मनात म्हटला होता.

भिंग, छोटी टॉर्च, मोजपट्टी आणि लोहचुंबक एवढं सोबत ठेवा. पितळ म्हणून विकलेल्या समईला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. चांदीची परीक्षा मात्र त्याने होत नाही, कारण निकेलच्या त्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.

चिनी मातीच्या भांड्यांवर देशाचं नाव बघा. 1891 पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव छापणं सक्तीचं झालं. ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) असा शिक्का असेल तर भांडं बहुधा 1921 च्या आधीचं, कारण त्यानंतर ‘जपान’ लिहावं लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ (ताब्यात घेतलेला जपान) म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1952 पर्यंतची वर्षं. हे शिक्केही नकली मारतात, पण ‘दोनशे वर्षं जुनं’ म्हणून दाखवलेल्या बशीवर देशाचं नाव दिसलं तर काय समजायचं ते समजा.

लाकडी सामानाचे खण पूर्ण बाहेर काढून बघा. अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात आले. दीडशे वर्षांच्या टेबलात ते दिसले तर निदान दुरुस्ती तरी झालेली आहे, हे विचारून घ्या. जुना रंग पोपडे धरून उडत असेल आणि घरात रांगतं मूल असेल, तर ते सामान घेऊ नका. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये.

बिडाचा तवा न वाजवता घेणं

आपली मंडळी ब्रिमफिल्डमधून हमखास घेतात ते ग्रिसवोल्ड किंवा वॅगनर या कंपन्यांचे जुने बिडाचे तवे. धिरड्यांना, घावनांना यासारखा तवा नाही. गंज असला तरी घाबरू नका, तो घासून निघतो. तडा मात्र बुजत नाही. मडकं घेताना वाजवतो तसा तवा वाजवा. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. मग सपाट जागेवर ठेवून हलवा. भोवऱ्यासारखा फिरला तर बूड फुगलंय, सपाट शेगडीवर तो नीट बसायचा नाही. आणखी एक. पूर्वी काही लोक अशा तव्यांत शिसं वितळवून मासेमारीची वजनं ओतत. करड्या रंगाचा चमकदार डाग दिसला तर घेऊच नका. घेतलाच असेल तर स्वयंपाकाआधी शिशाची तपासणी करून घ्या.

जुनी मूर्ती दिसली की पाघळणं

भारतीय माल इथे भरपूर दिसतो, त्यातला बराचसा पितळी आणि अलीकडचा. पण एखादी खरोखर जुनी देवाची मूर्ती समोर आली तर ती भारताबाहेर कधी आणि कशी आली, याचे कागद मागा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कागद नसतील तर नमस्कार करा आणि पुढे व्हा. हस्तिदंताच्या वाटेला तर जाऊच नका.

घेतलं, पण न्यायचं कसं?

कपाट बघण्याआधी गाडीची डिकी मोजा. आम्ही नंतर मोजली. वस्तू विक्रेत्याकडे ठेवून पुढे जाणार असाल तर पावती घ्या, तंबूचा, मैदानाच्या पाटीचा आणि वस्तूचा फोटो काढा. दुपारपर्यंत सगळे पांढरे तंबू सारखेच दिसतात. पैसे घेऊन सामान गाडीपर्यंत पोहोचवणारे आणि दूर पाठवणारेही तिथे असतात. जुनं घोंगडं आणि दोरी घरूनच न्या.

मे महिन्यात पहाटे हुडहुडी भरते, गवत दवाने ओलं असतं आणि पाऊस झाला की चिखल. जुलैत सावली शोधावी लागते. चपला नकोत, बूट घाला, आणि घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का ते बघा. गोचीड चावल्याने होणारा लाइम रोग या भागात नेहमीचा आहे.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना न्यायचं असेल तर घडीची खुर्ची घ्या. मैदानं लांबलचक आहेत आणि फिरती स्वच्छतागृहं दर वेळी जवळ असतीलच असं नाही. सकाळी एकच मैदान, मग खाणं, मग घर. आमच्या बाबांनी दुसऱ्याच तंबूत ‘फुलदाणी’ म्हणून मांडलेला फिरकीचा तांब्या ओळखला, भिंग न लावता, नुसता हातात तोलून. विक्रेत्याला तो कशासाठी असतो ते माहीत नव्हतं. बाबांनी त्याला खुणा करून पाणी प्यायची रीत दाखवली आणि मग सांगितलेलीच किंमत देऊन टाकली, घासाघीस न करता. ऑक्टोबरात तो तांब्या त्यांच्याच बॅगेतून सांगलीला गेला.