सॉर्ट मारण्याआधी: एमआयएसच्या कामात नवे असाल तर

एमआयएस म्हणजे ऑफिसच्या याद्या आणि रिपोर्ट एक्सेलमध्ये तयार ठेवण्याचं काम. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी एवढ्या भांडवलावर मी या लाइनीत आले. आता टीममध्ये नवी मुलं आली की सुरुवातीला त्यांना माझ्या शेजारी बसवतात. व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती आणणारा फॉर्म्युला), पिव्होट (सारांशाचा तक्ता) त्यांना यूट्यूब बघून येत असतं. अडतं ते यादीतल्या ओळी वरखाली करताना, म्हणजे सॉर्ट मारून क्रम लावताना. काम इतकं किरकोळ वाटतं की ते कुणी शिकवतच नाही.

माझा आग्रह एकच. दुसऱ्याची फाइल हातात आली की आधी डावीकडे एक कॉलम घालायचा, त्याला 'मूळ क्र.' असा मथळा द्यायचा आणि खालपर्यंत 1, 2, 3 ओढायचं. फॉर्म्युला नको, साधे आकडे. मग हवे तेवढे सॉर्ट मारा. साहेबांनी संध्याकाळी "आली होती त्याच क्रमाने द्या" म्हटलं, तर त्या कॉलमवर चढता क्रम लावायचा, यादी जशीच्या तशी. कंट्रोल झेडच्या (केलेलं मागे घेण्याच्या) भरवशावर राहू नका. फाइल बंद झाली की तो गेला.

एका बाबतीत मात्र हा कॉलमही कामाला येत नाही. फक्त नावांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट दाबलं की एक्सेल विचारतं: 'एक्सपांड द सिलेक्शन' की 'कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन'? घाईत दुसरा पर्याय निवडला की नावं हलतात आणि खातं क्रमांक, रक्कम जागेवरच राहतात. पाटलांच्या नावापुढे शिंद्यांचं खातं. यात वाईट हे की एरर येत नाही आणि बेरीजही तीच राहते, त्यामुळे बेरीज जुळली म्हणून यादी बरोबर असं समजायचं नाही. सॉर्टनंतर मधल्या चार-पाच ओळी मूळ फाइलशी ताडून बघायच्या. मी पूर्ण टेबल सिलेक्ट केल्याशिवाय सॉर्टला हात लावत नाही.

सरकारी पद्धतीच्या याद्यांमध्ये गावाचं नाव एकदाच लिहून खालचे सेल मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले असतात. छापायला छान दिसतं, पण सॉर्ट मारलं की सगळे मर्ज सेल एकाच आकाराचे हवेत, असा निरोप येतो. मर्ज काढलं तर गाव फक्त पहिल्या ओळीत उरतं. अशा वेळी तो कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल जी, 'स्पेशल', 'ब्लँक्स'. रिकामे सेल निवडले गेले की बरोबरचं चिन्ह, वरचा बाण आणि कंट्रोल एंटर. प्रत्येक ओळीत गाव भरलं. इथे थांबू नका, मुलं नेमकी इथेच थांबतात. त्या सेलमध्ये अजून 'वरच्या ओळीत जे आहे ते' असा फॉर्म्युला आहे. ओळी हलल्या की वरची ओळ बदलणार आणि गावंही बदलणार. म्हणून पूर्ण कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून 'व्हॅल्यूज' करायचा, मग सॉर्ट. रोजकीर्दीतली शिल्लकही मागच्या ओळीवरून निघते, तिलाही हाच नियम. आणि तळाची 'एकूण'ची ओळ निवडीतून वगळा, नाहीतर ती मधेच कुठेतरी जाऊन बसते.

तारखांचा घोळ वेगळा. मशीनची सेटिंग अमेरिकन असेल तर 03/04/2024 म्हणजे 4 मार्च होतो, आणि 15/04/2024 ही तारीखच न राहता नुसता मजकूर होतो. मजकूर सेलमध्ये डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. कॉलमवर नजर टाकली तरी कळतं. चढत्या क्रमात मजकूर सगळ्या आकड्यांच्या आणि खऱ्या तारखांच्या खाली जातो. फ्लॅट नंबर मजकूर म्हणून आले असतील तर 1, 10, 11, 2 असा क्रम लागतो तो याच जातीचा.

मराठी नावांची यादी विचित्र क्रमात लागली तर एका नावावर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. सेलमध्ये 'जाधव' आणि बारमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या फाँटमधला आहे, युनिकोड (मशीनला मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं) नाही. सॉर्ट त्या खिचडीवर लागतं. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. युनिकोडमध्येही आमच्या मशीनवर क्षीरसागर 'क'मध्ये सापडतात, शेवटी नाही. शाळेतली बाराखडी धरून शोधू नका.

एखाददुसरीच ओळ हलवायची असेल तर सॉर्ट कशाला? ओळ सिलेक्ट करून कडेवर माउस न्यायचा, शिफ्ट दाबून ओढायचं. हिरवी रेघ दिसेल तिथे सोडलं की ओळ मधे शिरते. शिफ्ट विसरलात तर तिथला डेटा बदलू का, असं एक्सेल विचारेल, तिथे कॅन्सल.

वरिष्ठांना जिल्हे अकारविल्हे नको असतात. कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे सहा विभाग आणि त्यांत 36 जिल्हे, असा क्रम लागतो. त्यासाठी वेगळ्या शीटवर जिल्हा आणि त्याचा क्रमांक अशी तक्ता-यादी एकदाच करून ठेवा. व्हीलुकअपने क्रमांक आणायचा, शोधायच्या रेंजला डॉलर लावायचा (म्हणजे फॉर्म्युला खाली ओढताना ती सरकत नाही) आणि त्या क्रमांकावर सॉर्ट मारायचं. एक्सेलमध्ये आपला क्रम साठवून ठेवणाऱ्या कस्टम लिस्टनेही होतं, पण ती फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की त्याला क्रम कुठून आला ते कळत नाही. आकडा सगळ्यांना दिसतो.

गुगल शीट चारजण एकदम वापरत असतील तर तुम्ही मारलेलं सॉर्ट चौघांच्या स्क्रीनवर लागतं. कुणी मधोमध एन्ट्री करत असेल तर त्याची ओळ डोळ्यांदेखत पळते. तिथे 'फिल्टर व्ह्यू' उघडून त्यात सॉर्ट करा, बाकीच्यांचा क्रम हलत नाही. आणि 'सॉर्ट शीट' वापरणार असाल तर मथळ्याची ओळ आधी फ्रीझ करा, म्हणजे वर पक्की करा, नाहीतर 'नाव' हा मथळाही नावांमध्ये, 'न'च्या खाली जाऊन बसतो.