जुन्या विलायती सायकलची किंमत काढताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडते ती विकण्याआधीची रंगरंगोटी. रॅले, हंबर, बीएसए, कोणत्याही ब्रिटिश कंपनीची सायकल धुळीने माखलेली असो. मडगार्डावरची सोनेरी रेघ आणि नळीवरची मूळ अक्षरे शाबूत असतील तर संग्राहक त्याचेच पैसे मोजतो. पावडर कोटिंगखाली गेलेले परत मिळत नाही. थिनरने ती अक्षरे उचलली जातात, म्हणून तोही नको. ओल्या मऊ फडक्याने पुसा, बस.

वर्ष ठरवताना फक्त हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, विसंबू नका. मागच्या स्टर्मे-आर्चर कंपनीच्या गिअरच्या हबवर 'एडब्ल्यू' या मॉडेलच्या अक्षरांजवळ ५८ दिसले तर हब १९५८ चा, सायकल नव्हे. मधल्या काळात चाक बदललेले असू शकते. आरे मोजा. ब्रिटिश रोडस्टरला (रोजच्या वापराच्या उभ्या सायकलीला) बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० असतात. ३६-३६ निघाले तर चाकांबद्दल विचारा. पायडलच्या चकतीकडेही बघा: रॅलेच्या चकतीत बगळ्याची डोकी, रज कंपनीच्या चकतीत पंजा. हंबरची खूण म्हणजे पुढच्या चाकाचा दुहेरी नळ्यांचा चिमटा. फ्रेमवरचा बिल्ला एका कंपनीचा आणि चकती दुसऱ्या कंपनीची, म्हणजे ती जुळवलेली सायकल. भाव तसाच धरा.

बिल्ल्यावर नॉटिंगहॅम (इंग्लंडमधले रॅलेचे गाव) लिहिले आहे की सेन-रॅले, हे नीट वाचा. सेन-रॅले आपल्याकडच्या आसनसोलची. चांगली सायकल, पण विलायतीचा भाव तिला लागत नाही.

न दिसणारे दोष मात्र खरी किंमत पाडतात. सीटची दांडी फ्रेममध्ये गंजून अडकली आहे का, हे फिरवून पाहा. रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे (पायडलचा आस फिरतो त्या जागेचे) आटे इंचाला २६, बाकी बहुतेक ब्रिटिश सायकलींचे २४. त्यामुळे रॅलेचा तिथला कप (आसाचे छर्रे धरणारी आट्यांची वाटी) खराब असेल तर बाजारातला कोणताही कप बसत नाही. उलट टायर फाटले म्हणून फार कमी करू नका, २८ × १½ आजही सहज मिळतात.

जाहिरातीत मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे. त्याच मॉडेलचे झालेले दोन-तीन व्यवहार शोधा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करा. ब्रुक्सची कातडी सीट, लुकासचा दिवा, डायनोहब (दिव्यासाठी वीज बनवणारा हब) यांचा हिशेब वेगळा धरा; फ्रेम गंजलेली असेल तर कधी कधी हे सुटे भागच सायकलीपेक्षा जास्त पैसे देतात.